मेनाशे झिराडकर, राखीव गोली

माझा धंदा फुटबॉलचा. म्हणजे अकरा वर्षं पगार फुटबॉलचा घेतला आणि काम बसायचं केलं. मी गोली होतो, आणि तोही राखीव. राखीव गोली म्हणजे असा माणूस, ज्याचं भलं व्हायला दुसऱ्याचा पाय मोडावा लागतो. अकरा वर्षांत चार क्लब झाले. दोनशेहून जास्त सामन्यांना मी हातमोजे घालून, केस विंचरून हजर होतो. प्रत्यक्ष खेळलो एकोणतीस. त्यातही पाच वेळा मुख्य गोलीला लाल कार्ड मिळालं होतं, एकदा त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या आणि दोनदा त्याचं पोट बिघडलं होतं. दुसऱ्यांदा बिघडलं तेव्हा सगळे माझ्याकडे संशयाने बघत होते, कारण आदल्या दिवशी आईने केलेली माशाची आमटी मीच त्याच्यासाठी डब्यातून नेली होती.

आम्ही बेने इस्रायली. मूळ गाव अलिबागजवळचं झिराड, राहणं ठाण्याला. घरात मराठी, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या, शनिवारी सिनेगॉग. शाळेत ‘ज्यू’ म्हटलं की मास्तर विचारायचे, “म्हणजे ख्रिश्चनच ना?” मी ‘नाही’ म्हणायचो आणि ते ‘बरं बरं’ म्हणून हजेरीत ख्रिश्चन लिहायचे. मी तेवीस वर्षांचा असताना बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि आम्ही तिघं इस्रायलला, अश्दोदला राहायला गेलो. तिथे मी ‘होदी’ झालो. होदी म्हणजे हिंदुस्थानी. ठाण्यात मी डावीकडून पुढे खेळायचो, बऱ्यापैकी गोल करायचो. अश्दोदच्या क्लबात चाचणीला गेलो तर तिथला कोच म्हणाला, “इंडियाचा? मग क्रिकेट खेळला असशील. झेल चांगले घेत असशील. जा, गोलमध्ये उभा राहा.” मला क्रिकेटमध्ये कुणी बारावा गडी म्हणूनही घेत नसे. पण हिब्रू तेव्हा इतकंच येत होतं की ‘हो’ म्हणणं सोपं वाटलं. त्या एका ‘हो’वर माझं पुढचं आयुष्य गेलं.

आईला एकच काळजी. दर शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी तिचा फोन येई. “मेनाशे, उद्या शब्बाथ आहे. खेळणार नाहीस ना?”

“नाही आई.”

आणि ते बहुतेक वेळा खरंच असायचं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, आणि त्यात कुठलंही काम करायचं नाही असं शास्त्र सांगतं. मी बेंचवर बसून नव्वद मिनिटं काहीच करत नसे. अख्ख्या क्लबात इतका धार्मिक माणूस दुसरा नव्हता.

लग्न झालं नाही. स्थळं आली होती, पण ‘मुलगा काय करतो’ याचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागायचा आणि तेवढ्यात चहा गार व्हायचा.

चौतिसाव्या वर्षी, दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात, चौथ्या क्लबने मला सोडलं. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एका सुपरमार्केटमध्ये वॉचमनची नोकरी बघून आलो होतो. तेही उभं राहून दार सांभाळायचंच काम, म्हटलं अनुभव आहे. त्याच आठवड्यात दुबईहून फोन आला. बोलणारा होता अर्श. दुबईतच वाढलेला, फ्लॅट विकणारा, तिशीतला हिंदुस्थानी पोरगा. त्याने तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये स्वतःचा क्लब काढला होता. वर्षभरापूर्वीच इस्रायल आणि अमिरातीचं जमलं होतं, विमानं सुरू झाली होती, आणि अर्शला आपल्या क्लबात एक इस्रायली खेळाडू हवा होता.

“सर, आप फर्स्ट टीम में हो ना?” त्याने विचारलं.

“टीम में तो हूँ,” मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

विमानतळावर उतरलो तेव्हा त्याच्या फोनवर माझं पोस्टर तयार होतं. त्यावर मी हात पसरून उभा, खाली ठळक अक्षरांत ‘द इस्रायली वॉल’. त्या फोटोत खरं तर मी पंचाला सांगत होतो की चेंडू माझ्या अंगाला लागला नाही.

पहिल्याच सरावाला कोचने, हानी नावाच्या इजिप्शियन माणसाने, दहा चेंडू लावले आणि पोरांना सांगितलं, मारा. दहापैकी आठ आत गेले. एक बाहेर गेला, तो माझ्यामुळे नाही. गोलच्या मागे चेंडू गोळा करायला एक पन्नाशीचा दाढीवाला माणूस होता. क्लबची बसही तोच चालवायचा आणि खेळाडूंचे कपडेही तोच सांभाळायचा. आठवा चेंडू जाळीतून काढताना तो स्वतःशीच पुटपुटला, “हा काय स्टार? ह्याच्यापेक्षा तो खांब बरा. जागचा हलत नाही, तरी कधीतरी चेंडू अडवतो.”

अस्सल मराठीत.

मी वळून म्हणालो, “खांबाला पगार कमी पडतो हो काका.”

त्याच्या हातातली चेंडूंची जाळी खाली पडली. सगळे चेंडू मैदानभर झाले. “या अल्ला! तू मराठी?”

“ठाण्याचा. मूळ झिराडचा.”

“अलिबागचं झिराड? आणि पोस्टरवर इस्रायली?”

“तेही आहे.”

त्याचं नाव अलीमियाँ. गाव श्रीवर्धनकडचं बोर्ली, आणि गेली बावीस वर्षं मुक्काम शारजाला. त्याने मला सरावानंतर घरी जाऊच दिलं नाही. बस डेपोत लावली आणि स्वतःच्या जुन्या गाडीत घालून थेट शारजातल्या अल नहदाला नेलं. वाटभर दुबई-शारजाच्या हद्दीवरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत तो मला सांगत होता, “अम्मीला कळलं ना, की मी झिराडच्या माणसाला खांब म्हटलं, तर जेवायला मिळायचं नाही. तू बोलू नको.”

अकराव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. अलीमियाँची बायको सायरा स्वयंपाकघरात, मुलगी कशफ सोफ्यावर फोनमध्ये, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची आई, मैमुनाबी. ऐंशीच्या घरातली, पण डोळे लख्ख.

“कोण रे हा?” त्यांनी विचारलं.

“अम्मी, हा मेनाशे. इस्रायलहून आलाय.”

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. “इस्राईल आहेस तू? बोर्लीचा का?”

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. मैमुनाबींच्या लेखी इस्रायल हा देश नव्हताच. इस्राईल म्हणजे बोर्लीत त्यांच्या घरासमोर राहणारी माणसं. तेलाचा घाणा असलेले रुबेनकाका, जे शनिवारी बैल जुंपत नसत, म्हणून सारं गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांची बायको नवसाचा मलिदा करायची, पोहे, खोबरं, साखर कालवून, आणि भिंतीवरून वाटी इकडे द्यायची. “पन्नास एक वर्षं झाली, एक दिवस सगळे बोटीत बसले आणि गेले,” मैमुनाबी म्हणाल्या. “तू त्यांच्यातला. इतके दिवस कुठे होतास?”

मी म्हणालो, “बेंचवर.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, “सायरा, ती कोलंबी ह्याला वाढू नको गं. हे लोक खवल्याचीच मासळी खातात. पापलेट तळ.”

मी आयुष्यात किती ठिकाणी जेवलो. अश्दोदला मला विचारायचे, ‘तुम्ही भारतातले, म्हणजे नक्की ज्यूच ना?’ तीन-तीन पिढ्यांचे कागद मागायचे. आणि इथे शारजाच्या अकराव्या मजल्यावर एका मुसलमान म्हातारीने एका कोलंबीवरून माझं सगळं प्रमाणपत्र देऊन टाकलं. पापलेट खाताना घशात काटा अडकल्याचं निमित्त करून मी दोन वेळा पाणी प्यायलो.

कशफ तेव्हा चौदा वर्षांची. दुबईतल्या ऊद मेथाच्या हिंदुस्थानी शाळेत शिकायची आणि मराठी सगळं समजत असूनही उत्तर इंग्रजीत द्यायची. जेवण होईपर्यंत तिने डोकं वर केलं नव्हतं. मी निघताना ती म्हणाली, “अंकल, आय वॉच्ड युअर मॅचेस.”

“कुठले?”

“ऑल ऑफ देम. देअर आर ओन्ली नाईन्टीन ऑन द इंटरनेट.”

“मग?” मी जरा छाती पुढे काढली.

“यू ऑलवेज गो लेफ्ट.”

मी हसलो. लहान पोर, काहीतरी बोलते. तिने फोन माझ्यापुढे धरला. त्या सामन्यांतल्या सगळ्या पेनल्टी तिने एकापुढे एक जोडल्या होत्या. अकरा होत्या. अकराही वेळा मी डावीकडे झेप घेतली होती. चेंडू उजवीकडे, मी डावीकडे. चेंडू मधोमध, मी डावीकडे. एकदा तर चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता आणि मी तरीही डावीकडे, मोठ्या तडफेने. अकरा वर्षांत चार क्लबांच्या चार कोचांना हे दिसलं नव्हतं, कारण त्यासाठी माझ्याकडे बघावं लागलं असतं.

“अलीभाई,” मी म्हणालो, “तुमची मुलगी डेंजर आहे.”

“आईवर गेलीय,” अलीमियाँ म्हणाला, आणि आतून सायराने काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

तेव्हापासून दर मंगळवारी मी अल नहदाला जेवायला जायचो. जेवण झालं की इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये कशफ आणि मी. तिला गोली व्हायचं होतं. शाळेच्या मुलींच्या टीमला गोली होती, पण शिकवणारं कुणी नव्हतं. मी तिला हात कसे धरायचे, कसं पडायचं, ते दाखवायचो. ती मला मी काय चुकतो ते सांगायची. फायदा माझा जास्त होत होता. रोल्लाच्या बाजारातून अलीमियाँने तिला हातमोजे आणले ते दोन नंबर मोठे होते. तिने तक्रार केली नाही. म्हणाली, मोठे हात म्हणजे जास्त गोल अडतात.

सीझनची सुरुवात अर्थातच वाईट झाली. पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले. ‘इस्रायली वॉल’वर प्रेक्षकांत बसलेल्या केरळी पोरांनी मला ऐकू जाईल असे विनोद केले आणि मला दुःख एवढंच झालं की ते चांगले होते. पण पर्याय नव्हता. क्लबात दुसरा गोलीच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी मुख्य होतो, कारण राखीव ठेवायला अर्शकडे माणूस नव्हता. खेळत राहिलो तसं जरा जरा जमायला लागलं. पुढे यायला लागलो, ओरडायला लागलो. हानी कोच सामन्यानंतर माझ्या पाठीवर थाप मारून ‘खलास, हबीबी, गुड’, म्हणजे ‘बास, दोस्ता, छान’, म्हणायला लागला. आमचा कॅप्टन घानाचा होता, सहा फुटी, देखणा, कमी बोलणारा. तोही एकदा म्हणाला की मागे तू असलास की मी मागे बघत नाही. मी ती स्तुती आहे असंच धरलं.

आईला दर शुक्रवारी फोनवर मी ‘नाही आई’ म्हणतच होतो. फक्त आता ते खोटं होतं. इथे सामने शुक्रवारी सूर्य मावळल्यावर, म्हणजे शब्बाथ लागल्यावर असायचे, आणि नव्या वर्षात सरकारने सुट्टी बदलली तसे शनिवारी व्हायला लागले. मी मनाशी म्हणायचो, सांगू कधीतरी.

मार्चमध्ये शेवटचा सामना आला. कुणाला वाटलं नव्हतं, पण आम्ही वरच्या दर्जात जायच्या बेतात होतो. बरोबरी झाली तरी पुरे होतं. शनिवार होता, दुपारी साडेचारचा सामना. अर्शने नवीन सूट घातला होता. बरीच माणसं आली होती, आणि स्टँडमध्ये पहिल्यांदाच अलीमियाँचं सगळं घर बसलं होतं. मैमुनाबींना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी उन्हाचा काळा चष्मा लावला होता आणि त्या एखाद्या बड्या क्लबाच्या मालकिणीसारख्या दिसत होत्या.

सत्त्याऐंशी मिनिटं एक-एक अशी बरोबरी. मी दोन चांगले चेंडू अडवले होते, त्यातला एक जाणूनबुजून. आणि मग आमच्या बचावपटूने गोलसमोर एकाला पाडलं. पेनल्टी.

मारणारा त्यांचा मोरोक्कन स्ट्रायकर होता. चेंडू ठेवताना त्याने माझ्या डावीकडे बघितलंही नाही. माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचली होती. माझ्या पायांना सवयीने डावीकडे जायचं होतं. मी त्यांना मनातल्या मनात सांगत होतो, उजवीकडे, उजवीकडे, एकदा तरी माझं ऐका. शिट्टी वाजली. तो धावला. मी उजवीकडे झेपावलो.

चेंडू माझ्या दोन्ही हातांवर आदळला. मनगटं झणझणली. मी अडवला होता. आयुष्यातली पहिली पेनल्टी.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला नको असं वाटतं, पण जगाने ते पाहिलंय. मी उठलो. दोन्ही हात वर करून नाचलो. स्टँडकडे तोंड केलं आणि कशफला शोधायला लागलो. ती दिसली. ती उभी राहून दोन्ही हातांनी जोरजोरात खुणा करत होती. मला वाटलं, पोरगी आनंदाने वेडी झाली. मी तिला हवेतून सलाम ठोकला. ती माझ्या मागे बोट दाखवत होती. हातांवर आदळलेला चेंडू बाहेर गेलाच नव्हता. तो गोलसमोर चार पावलांवर पडला होता. त्यांचा एक पोरगा आला आणि पायाच्या आतल्या बाजूने, अगदी हलकेच, त्याने तो माझ्या मागून आत ढकलला. जाळीचा आवाज झाला. तो आवाज मी कुठेही ओळखतो.

आम्ही दोन-एकने हरलो. वर गेलो नाही.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे आपापल्या पिशव्या भरत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घानाच्या कॅप्टनला मी सॉरी म्हणायला गेलो. तो बूट सोडत होता. वर न बघता इंग्रजीत म्हणाला, “अकरा वर्षं थांबलास ना तू? मग अजून दोन सेकंद थांबायला काय झालं होतं?” वरच्या दर्जात गेलो असतो तर त्याला मोठा करार मिळणार होता, बायको-मुलांना इकडे आणणार होता. ते मला माहीत होतं. मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. विनोद सुचत होते, नेहमीसारखे. एकही बोललो नाही.

अर्शने सूटचा कोट काढून हातात घेतला होता. “सर, नेक्स्ट सीझन का देखते हैं,” तो म्हणाला. म्हणजे बघणार नाही. मीही त्याला दोष देत नाही.

बस निघाली. एकेकजण उतरला. शेवटी मी आणि अलीमियाँ. त्याने बस एका चहाच्या टपरीसमोर थांबवली, दोन कडक चहा घेतले आणि एक माझ्या हातात दिला.

“बोला ना अलीभाई. खांब बरा होता म्हणा.”

“खांबाने अडवलीच नसती ती,” तो म्हणाला. “तू अडवलीस. पुढचं तू काय केलंस ते गाढवपण. पण दोन्ही वेगळं आहे.” मग पैसे देता देता, “अम्मीने टाळ्या वाजवल्या. तिला अजून कळलं नाही आपण हरलो ते. सांगू नको.”

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळीकडे झाला. कुणीतरी त्याला ढोल-ताशे लावले होते. मी हात वर करून नाचतोय, सलाम करतोय, मागे चेंडू शांतपणे आत जातोय. दोन दिवसांत चाळीस लाख लोकांनी पाहिला. माझे आजवरचे सगळे सामने मिळून मैदानावर इतकी माणसं आली नव्हती. ठाण्याच्या शाळासोबत्यांचे मेसेज आले, ‘अरे मन्या, तू अजून खेळतोस?’ अश्दोदच्या कोचचाही आला. त्याने फक्त हसणाऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं होतं.

सोमवारी सकाळी आईचा फोन. मला वाटलं, बिचारी समजूत घालणार.

“मेनाशे, व्हिडिओ बघितला. फ्लोरामावशीने पाठवला.”

“होतं असं आई. खेळ आहे.”

“त्याच्यावर तारीख आहे.”

“काय?”

“तारीख. शनिवार. आणि मागे ऊन आहे. म्हणजे शब्बाथ संपला नव्हता.” तिचा आवाज चढला. “तू माझ्याशी खोटं बोललास! आणि वर देव काय करतोय ते बघ. अडवू दिलं आणि मग दाखवलं तुला!”

देवाला तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये रस असेल असं मला वाटत नाही. पण आईला तसं म्हणायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, “चुकलो.” त्या दोन दिवसांत तो शब्द मी इतक्यांदा म्हटला होता की आता गुळगुळीत झाला होता. पण तिला म्हणताना पुन्हा टोचला. चार महिने मी तिला दर शुक्रवारी फसवत होतो. मग ती म्हणाली, “हात दुखले का रे? जोरात लागला चेंडू.”

मंगळवारी मी अल नहदाला जायचं टाळलं. तर कशफचाच फोन आला. ती प्रचंड चिडली होती, इतकी की चक्क मराठीत बोलली.

“अंकल, मी तुम्हाला राइटला जा सांगितलं. माझ्याकडे बघा असं सांगितलं होतं का?”

“नाही.”

“मग? आता निघा, आमच्या पार्किंगमध्ये या. छाया मॅडम आल्यात. त्यांना तुमच्याशी बोलायचंय.”

छाया मॅडम म्हणजे तिच्या शाळेच्या खेळाच्या बाई. मूळच्या पुण्याच्या, उंच, गळ्यात शिट्टी. त्या खास शारजापर्यंत आल्या होत्या. पार्किंगमध्ये, मोटारींच्या मधे उभ्या राहून त्यांनी मला सरळ विचारलं, “मेनाशे सर, आमच्या गोली मुलींना शिकवायला याल का?”

“मॅडम, तुम्ही तो व्हिडिओ पाहिलाय ना?”

“शाळेतल्या सगळ्या मुलींनी पाहिलाय.”

“मग चेष्टाच करायची असेल तर…”

“अहो, ऐका तरी. मी सहा वर्षं मुलींना सांगतेय, अडवल्यावर लगेच चेंडूवर जा. एकीच्याही डोक्यात शिरलं नाही. सोमवारी सकाळी पाहिलं तर प्रत्येक पोरगी अडवतेय आणि दुसऱ्या सेकंदाला चेंडूवर उडी मारतेय. एकमेकींना ओरडून सांगतायत, ‘डोन्ट डू अ मेनाशे.’ तुमच्या नावाचं क्रियापद झालंय सर.”

मी कशफकडे बघितलं. ती बुटाच्या नाडीशी चाळा करत होती.

“आणि ही सांगते तुम्ही चांगलं शिकवता,” मॅडम म्हणाल्या. “हिची शिफारस नसती तर मी आले नसते.”

मी ‘हो’ म्हटलं. या वेळी भाषा येत असून.

आता दीड वर्ष झालं. मी ऊद मेथाच्या शाळेत गोलकीपिंगचा कोच आहे. तेवीस मुली आहेत. पहिल्या तासाला आपलं अपयश स्वतःच्याच फोनवर दाखवणारा कोच गल्फमध्ये मी एकटाच असेन. घानाचा कॅप्टन दुसऱ्या क्लबात गेला आणि त्या क्लबाबरोबर वरच्या दर्जात पोचलाही. बायको-मुलं आली. त्याने मला जेवायला बोलावलं आणि मुलांना माझी ओळख करून दिली, ‘हाच तो.’ मुलांनी माझ्यासमोर हात वर करून तो नाच करून दाखवला. माझ्यापेक्षा चांगला केला.

गेल्या डिसेंबरात आई आली. दुबई बघायला नाही, माझा शनिवार तपासायला. छाया मॅडमना तिने पहिल्याच दिवशी गाठलं आणि शनिवारचा सराव रविवारी करून घेतला. मॅडमनी मला नंतर सांगितलं की त्यांना नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. मग मी आईला अल नहदाला नेलं. मैमुनाबींनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. नंतर बोर्ली, झिराड, कुणाच्या घरचा घाणा, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड, असं जे सुरू झालं त्यात आम्हाला कुणाला जागाच उरली नाही. अश्दोदला आई शेजारणींशी मोडकंतोडकं हिब्रू बोलते, हळू, विचार करून. इथे ती धबधब्यासारखी बोलत होती. मला आठवेना की तिला असं शेवटचं कधी ऐकलं होतं.

रविवारी दोघी सरावाला आल्या. शाळेने मैदानाच्या कडेला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून दिल्या. आईने माझा एकही सामना प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. मुलाच्या अंगावर लोक चेंडू मारतात हे तिला बघवत नाही म्हणायची. त्या दिवशी मुली मारणार आणि मी अडवून दाखवणार, असा बेत होता. सातवीतली एक बारकी पोरगी होती, दुआ नावाची, पाय मात्र तोफेसारखा. तिने मारलेला पहिलाच चेंडू माझ्या पोटात बसला. मी वाकलो.

“अगं ए!” आई खुर्चीतून उठली. हातातली पर्स सावरत ती सरळ मैदानात आली. “हळू मार की जरा! माणूस आहे तो!”

“आँटी, ही इज द कोच,” दुआ घाबरून म्हणाली.

“कोच असला म्हणून काय झालं? जेवला नाहीये सकाळपासून!”

तेवीसच्या तेवीस मुली हसत होत्या. कडेला मैमुनाबी काळा चष्मा लावून टाळ्या वाजवत होत्या. मी पोट धरून आईला म्हणत होतो, आई, जा ना, बस ना तिथे. ती माझा शर्ट वर करून लागलंय का ते बघत होती.

“अंकल!” कशफ मागून ओरडली. “बॉल!”

मी आईच्या हातातून शर्ट सोडवला आणि चेंडूवर पडलो.